हातभर हसू

पत्र धुळ्यानं फोडलं. टॉकीजच्या पत्त्यावर येणारं कुठलंही पत्र आधी धुळाच फोडतो, कारण दारावर तो असतो आणि पोस्टमन त्याच्याच बिडीवर बिडी पेटवतो. चौथी पास माणूस. ओळीखाली बोट ठेवणार आणि चावडीवर वाचल्यासारखं मोठ्यानं वाचणार. ऐकायला चहाची किटली घेऊन जाणारा, सायकल स्टँडवाला, तिकिटाच्या खिडकीतला बसवराज, जो असेल तो. मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून शेंगा खात होतो. पत्र पुण्याहून, दिग्दर्शक गुळवणी साहेबांचं. दर दोन वर्षांनी मी त्यांना माझा फोटो पाठवतो आणि ते उत्तर पाठवत नाहीत, असा आमचा जुना पत्रव्यवहार. ह्या खेपेला उत्तर आलं. नवा पिच्चर काढतायत, त्यात एक माणूस आहे जो पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत आहे, त्याच्यासाठी चेहरा शोधतायत. येत्या गुरुवारी हैदराबादला जाताना सकाळी सोलापुरात उतरणार, दुपारची गाडी धरणार. मी आजवर केलेली कामं एका रिळात जोडून ठेवावीत. पाच मिनिटांच्या वर नको, चांगलं ते आधी, दुसऱ्या नटांची भाषणं नकोत, गाणी नकोत, घोडे नकोत. तुमचा चेहरा दिसला पाहिजे आणि तो बदलताना दिसला पाहिजे. एवढं वाचेपर्यंत धुळ्याचा आवाज फुगत चालला होता, जणू त्यालाच बोलावणं आलंय. मग शेवटची ओळ. ज्वारीच्या रानातला, मचाणाखालचा तुकडा मिळाला तर जरूर घाला, कोल्हापूरला पाहिला तेव्हापासून तेरा वर्षं तो चेहरा डोक्यातून जात नाही. तिथं धुळ्याचं बोट थांबलं.

"मंजी आपला शीन हाय व्हय?" तो म्हणाला. "सेन्सॉरनं कापला म्हनला हुतास की."

"कोल्हापूरचा सेन्सॉर येगळा असतोय लेका," मी म्हणलं. "तांबडा रस्सा खाऊन झोपला असंल त्या दिवशी."

सगळे हसले. धुळा सगळ्यात जास्त हसला, माझ्या कुठल्याही बोलण्याला तो सगळ्यात जास्त हसतो, पार दाराचा खांब धरून. माझ्या टाळूला शेंगदाण्याचं कूट चिकटून बसलं होतं आणि ते गिळायला तोंडात थुंकी नव्हती.

आता मला भ्या वाटतं हे गावात कुणाला सांगितलं तर तीही माझी खोडीच धरतील. सव्वीस वर्षं ह्या टॉकीजला ऑपरेटर आहे आणि तेवढीच वर्षं सोलापूरच्या खोड्या काढतोय. खेळ चालू असताना पडद्यावर काचेची पट्टी टाकतात ना, अमुक अमुक यांनी ताबडतोब बाहेर यावे. मी एकदा भर गर्दीच्या खेळात लिहून टाकलं, तुमची बायको बाहेर उभी आहे. नाव घातलं नाही. सतरा माणसं मुंडी खाली घालून मागच्या दारानं पळाली, त्यात आमचे मालक पण होते. खोडीचं शास्त्र सोपं असतं. समोरच्याला एक श्वासभर खड्ड्यात सोडायचं आणि दुसऱ्या श्वासाला वर काढायचं. मधल्या श्वासात त्याचा चेहरा बघायचा. डोळे मोठे होतात, ओठ सुटतो, वय निघून जातं, माणूस चार वर्षांचा होतो. माझं आयुष्यातलं सगळं सुख त्या मधल्या श्वासातलं. आणि आता त्या श्वासात मीच होतो, चौथ्या पायरीवर, हातात टरफलं घेऊन, आणि वर काढणारं कुणी दिसत नव्हतं.

मी धुळ्याला सांगितलं, बार्शीकडं एका तंबूवाल्याकडं जुनी प्रिंट आहे, त्याच्याकडनं तुकडा मागवतो. खोटं माझ्या तोंडातून गरम भजं यावं तसं येतं. तुकडा बार्शीला नव्हता. तो वर केबिनमधे, फायरच्या वाळूच्या बादलीमागं, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, सगळ्यात खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. डब्यात तसे माझे सातही तुकडे होते. शूटिंग कुठं जवळपास आलं की मी रजा टाकून जायचो, धा सेकंदांचं काय मिळेल ते करायचो, आणि पुढं तो पिच्चर जुना होऊन, चिरा पडून, भंगारात जायच्या आधी आमच्याकडं फिरत आला की शेवटच्या खेळानंतर माझा तेवढा तुकडा काढून घ्यायचो. एका हवालदाराचा, एका दारुड्याचा, एका वऱ्हाड्याचा, एका नाभिकाचा, एका प्रेताचा, एका कंडक्टरचा. सहा तुकडे भंगारातले. सातवा भंगारातला नाही. तो मी कोऱ्या प्रिंटमधून कापला होता, पिच्चर सोलापुरात लागला त्या पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाच्या आधी दोन तास.

साठ साली माढ्याजवळ एका ज्वारीच्या रानात ते शूटिंग आलं होतं. राखणदाराचं काम करायला गोफण चालवता येणारा माणूस पाहिजे होता, म्हणून मी धुळ्याला नेलं. धनगराचं पोर, गोफणीचा असा हात की उडत्या पाखराला विचारून दगड मारायचा. त्याचं काम मचाणावर उभं राहायचं. माझं काम मचाणाखाली उभं राहून कणीस खायचं, आणि लांबून पाटील येताना दिसला की घाबरायचं. सकाळपासून मी घाबरून दाखवत होतो आणि त्या पिच्चरच्या दिग्दर्शकाला, हे गुळवणी नव्हेत, पटत नव्हतं. तुम्ही घाबरलात की गंमत करताय असं वाटतं, ते म्हणत होते. वर धुळा उभा, कमरेवर हात, हिरोसारखा. त्याला पहिल्यांदाच कुणीतरी मेकअप लावला होता आणि तो पुसला जाऊ नये म्हणून तो घाम पण जपून गाळत होता. जेवणाच्या सुट्टीत मी मचाणाच्या आडव्या लाकडाची सुतळी बघितली. चार पीळ होते. त्यातला एक मी सोडला. एकच. लाकूड चार बोटं खाली बसेल, धुळा डगमगेल, आईला हाक मारेल, युनिट हसेल, एवढंच. लाकूड चार बोटांवर थांबलं नाही. बारा फुटावरनं धुळा आला, आडवा, खुब्यावर. कॅमेरा चालू होता. दिग्दर्शकानं तो शॉट ठेवला आणि पाटील येण्याऐवजी राखणदार पडतो अशी गोष्टच बदलली. तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते पैसे देऊन आणता येत नाही, असं म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी तेव्हा बैलगाडीत धुळ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. सुतळी जुनी होती, सगळे म्हणाले. धुळा पण म्हणाला. तेव्हापासून एक पाय दोन बोटं आखूड. मी मालकाचे पाय धरून त्याला दारावर लावला, ह्याबद्दल तो अजून मला, ह्या शिवपुत्राला, देवमाणूस म्हणतो, चारचौघांत.

एकसष्ट साली पिच्चर इथं लागला तेव्हा धुळ्यानं गावाकडनं एसटी भरून माणसं आणली होती. त्याची आई बजाबाई पुढच्या रांगेत, डोक्यावरचा पदर दातात धरून, मांडीवर भाकरीचं गाठोडं. सकाळी पेटी उघडून मी प्रिंट तपासत होतो, टेबलावर हातानं रीळ फिरवत, काचेखालच्या दिव्यावर फ्रेम बघत, तेव्हा मला तो शॉट दिसला. तो चालताना कुणाला काही दिसलं नसतं. पण मी चालताना बघत नव्हतो, एकेक फ्रेम बघत होतो. धुळा पडायच्या आधी मी वर बघतो, आणि मी हसतो. गालातल्या गालात. बावीस फ्रेम. वरच्या बाजूला धुळ्याचे दोन पाय, अजून लाकडावर, आणि खाली माझं तोंड, ज्याला माहीत आहे. पाटलाला भ्यायचा शॉट, आणि मी हसतोय. कशाला हसतोय ह्याला जगात एकच कारण होतं. मी पूर्ण शॉट कापला, दोन टोकं जोडली, आणि खेळ लावला. केबिनच्या भोकातनं खाली बघत होतो. बजाबाई तीन तास मान वर करून बसली होती. मधे मधे शेजारी बसलेल्या धुळ्याकडं वळायची. नंतर कळलं ती विचारत होती, तू कवा येनार. संपल्यावर धुळा कुबडी टेकत वर आला आणि मी त्याला सेन्सॉरची गोष्ट सांगितली. असल्या पडण्याबिडण्यानं लहान पोरं भितात, कापतात ते. तो मशीनमधल्या कार्बनच्या कांड्यांचा जळता उजेड बघत बसला. मग म्हणाला, असू दे, आईला वाटलं तिला मोतीबिंदू झालाय म्हणून मी दिसलो न्हाई. आणि हसला. बजाबाई सदुसष्ट साली गेली.

तर सोमवार ते बुधवार, रोज सकाळी बाराच्या खेळाच्या आधी, मी रीळ जोडत होतो. बाहेर मार्चचं ऊन, पत्र्याचं छप्पर कडकड वाजायचं, केबिनमधे फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा पिकल्या केळ्यासारखा वास. ब्लेडनं फिल्मचं एक टोक खरवडायचं, सिमेंटचं एक बोट, दाबायचं, वीस आकडे मोजायचे. गुळवणी साहेबांनी घातलेले नियम मी भिंतीवर खडूनं लिहिले होते. दारुड्याच्या तुकड्यात हिरोचं लांबलचक भाषण होतं, ते काढलं. उरलं काय तर माझं उचकी देणं. हवालदार काठी आपटतो, ठेवला. वऱ्हाडी पाठमोरा, टाकून दिला. कंडक्टरला चेहरा होता पण बदलत नव्हता. प्रेत चांगलं होतं, डोळे मिटल्यावर मी बरा दिसतो, पण प्रेत बदलणार कसं. टेबलावरच्या काचेत मी सकाळभर माझ्याकडं बघत होतो आणि एक विचित्र गोष्ट हळूहळू अंगावर येत होती. सगळ्या तुकड्यांत माणूस एकच होता. टोपी बदलायची, मिशी बदलायची, पण डोळ्यांच्या कोपऱ्यात तेच, आता बघा कशी गंमत होते ते. प्रेताच्या मिटलेल्या पापणीखाली पण ते होतं. जन्मभर मी नट म्हणून सातवेळा उभा राहिलो आणि सहावेळा फक्त टवाळ शिवपुत्र दिसला. सातव्या वेळी बावीस फ्रेमनंतर एक दुसरा माणूस दिसत होता, आणि त्या माणसाला बघून मला केबिनचं दार लावून घ्यावंसं वाटत होतं. जबडा खाली, हातातलं कणीस सुटलेलं, डोळे असे की त्यांत ज्वारी, आभाळ आणि पडणारा धुळा सगळं मावलंय. तो तुकडा नसेल तर रिळात दाखवण्यासारखं काही नाही, हे मला पहिल्या सकाळीच कळलं. शेहेचाळीस वर्षं वय. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची तोंडं भिंतीवर फेकतोय. एकदा, एकच पिच्चर, पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत आपलं तोंड. मी हे बायकोला, कमलम्माला पण कधी बोललो नव्हतो.

कापायचं काय ते उघड होतं. बावीस फ्रेम हसू काढायचं, बाकी ठेवायचं. धुळ्याचं पडणं राहील, माझी भीती राहील; साहेबांना चेहरा मिळेल, धुळ्याला तेरा वर्षांनी त्याचा शीन मिळेल, आणि हसणं कुणाला माहीत नाही तर ते नव्हतंच. मी ब्लेड लावलं, आणि तेव्हा कडेची पट्टी बघितली. फिल्मच्या कडेला आवाज छापलेला असतो, पांढऱ्या करवतीच्या दातांसारखा. तो चित्राच्या शेजारी नसतो. मशीनमधे चित्राची खिडकी वर आणि आवाज वाचणारा दिवा खाली, म्हणून प्रत्येक फ्रेमचा आवाज वीस फ्रेम आधी छापतात. हे मी झोपेत सांगेन. दर दोन तुकड्यांमधे सव्वा फूट काळी पट्टी मी त्याचसाठी टाकत होतो, नाहीतर दारुड्याची उचकी हवालदाराच्या तोंडातून आली असती. पण स्वतःच्या तुकड्याकडं मी तसं कधी बघितलंच नव्हतं. धुळा तेविसाव्या फ्रेमला पडतो. पडताना ओरडतो. ते ओरडणं तेविसाव्या फ्रेमला नव्हतं. ते तिसऱ्या फ्रेमपासून बाविसाव्यापर्यंत होतं, माझ्या हसण्याला खेटून, त्याच हातभर फिल्मवर. माझे दात आणि त्याच्या आवाजाचे दात. हसू कापलं की त्याचं ओरडणं जात होतं.

आणि ते साधं ओरडणं नव्हतं. धुळा तेव्हा सिव्हिलमधे पडलेला, डबिंगला कोण येणार, म्हणून रानात टेप केलेलाच आवाज त्यांनी ठेवला होता. पिच्चरमधे माझं नाव दुसरंच काहीतरी होतं. धुळा ओरडला होता, शिवपुत्राऽ. मी खाली होतो, मी झेलीन, असं त्याला वाटलं असणार. आईला हाक मारेल म्हणून मी पीळ सोडला आणि त्यानं मला मारली.

मंगळवारी जेवताना कमलम्मानं तिच्या कानडीत विचारलं, काय झालं हो, "एनायतु री?" मी म्हणलं काय होणार, काही नाही. ती म्हणाली, भाकरीत मीठ नाही आणि तुम्ही ओरडला नाहीत, म्हणून विचारलं. मग स्वतःच म्हणाली, मोठ्या कामाचं दडपण असेल. तिनं गुरुवारसाठी शर्टाला नीळ दिली होती. दोरीवर तो शर्ट हात पसरून लटकत होता आणि मला सारखं वाटत होतं तो आता खाली येणार. रस्त्यानं चालताना माणसं विचारायची, काय हिरो, आणि मी काहीतरी उत्तर द्यायचो, ती हसायची. पण प्रत्येक चेहरा मला फ्रेमफ्रेमनं दिसायला लागला होता. हसायच्या आधी माणूस काय असतो आणि हसल्यावर काय असतो, मधे किती फ्रेम जातात. गिरणीचा भोंगा झाला की मी वर बघायचो. धुळा रोज वर यायचा. लोखंडी जिन्यावर त्याचा पाय ओळखू येतो, एक ठोका आणि एक घासणं. आला का बार्शीचा तुकडा, विचारायचा. बुधवारी मी हो म्हणलं. त्यानं फिल्म मागितली नाही, टेबलाला हात पण लावला नाही. ऑपरेटरची वस्तू म्हणून तो तेरा वर्षं लांबनंच बघत आलाय. फक्त विचारलं, त्यात त्याचं तोंड दिसतं का. मी म्हणलं, पाय दिसतात, मग पडताना बाजूनं तोंड. तो म्हणाला, बाजूनं का हुईना. त्या दिवशी त्यानं दाढी दोनदा केली होती.

तो गेल्यावर मी हसू कापलं. हात कापत नव्हता, हे सांगितलं पाहिजे. कापलेली हातभर फिल्म मी जोडायच्या टेबलावरच्या खिळ्याला लटकवली, जिथं चालू कामातले तुकडे लटकवतात, आणि पंख्याच्या वाऱ्यानं ती हलत राहिली. फेकावी असं दोनदा वाटलं. सिगारेट लावली असती तरी भर्रकन गेली असती. नाही फेकली. का ते मला आजही माहीत नाही, आणि मी त्याचा फार विचार करत नाही.

गुरुवारी साहेब टांग्यातनं आले, पांढरा बुशशर्ट, हातात चामड्याची बॅग, घाई. मॅनेजरच्या खोलीतला चहा नको म्हणाले. धुळ्यानं खाकी ड्रेसला इस्त्री केली होती. त्यानं पडदा बाजूला धरून त्यांना आत नेलं, मधल्या रांगेत बसवलं, आणि विचारून दोन रांगा मागं स्वतः बसला. रिकाम्या टॉकीजमधे दोन डोकी. मी वर कार्बन लावला, भोकाला डोळा लावला. पाच मिनिटांची मुभा होती, माझं रीळ जेमतेम सव्वा मिनिटाचं भरलं होतं. मी मचाणाचा तुकडा पहिला लावला होता, चांगलं ते आधी. आवाजाला सुरुवातच नव्हती. काळ्या पट्टीनंतर एकदम धुळा पडला, न बोलता, पोतं पडावं तसा, आणि मग भिंतीएवढं माझं तोंड उघडं राहिलं. सगळं मुकं. पाखरांचा आवाज मागनं आला. मला वाटलं होतं मुकं जास्त भयंकर वाटेल. वरनं बघताना ते दात दुखणाऱ्या माणसासारखं वाटलं. मग हवालदार, मग उचकी, मग प्रेत. साहेब उचकीला एकदा हसले. धुळ्याचं डोकं हललं नाही.

मी खाली आलो तेव्हा दिवे लागले होते. साहेब उभे राहून घड्याळ बघत होते. माझ्याकडं त्यांनी नीट बघितलं, डॉक्टर बघतात तसं.

"बाकी ठीक आहे," ते म्हणाले. "पण पहिला तुकडा अर्धाच आहे हो. त्यात तुम्ही आधी हसता. वर बघून, चोरून, काय होणार ते ठाऊक असल्यासारखं. मग तो माणूस कोसळतो आणि ते हसू तोंडावर तसंच राहतं, कुठं जावं त्याला कळत नाही, आणि त्याचीच भीती होते. त्याच्यासाठी तर मी उतरलो. भीती काय, कुणीही दाखवतं. ते हसू कुणी कापलं?"

"ऑपरेटर लोक लई वाईट, साहेब," मी म्हणलं.

ते हसले नाहीत. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही. ज्यानं कुणी हे कापलं त्याला काम कळत नाही, एवढं म्हणाले, पत्र टाकतो म्हणाले, आणि बॅग उचलली. पत्र येणार नव्हतं. ते तिथं उभ्या उभ्या मला कळलं, आणि खरं सांगतो, त्याचं काहीच वाटलं नाही, कारण मी त्यांच्या खांद्यावरनं मागं बघत होतो. धुळा उठला होता. त्यानं दारापर्यंत जाऊन साहेबांसाठी पडदा धरला, टांगेवाल्याला हाक मारली, सलाम केला. सगळं रोजच्यासारखं.

मी वर पळालो. बाराच्या खेळाचं पहिलं रीळ मशीनला लावायचं होतं, निदान हातांना काहीतरी पाहिजे होतं. मग जिना वाजायला लागला. ठोका, घासणं. ठोका, घासणं. अठरा पायऱ्या. तेरा वर्षांत हा आवाज मी इतका ऐकलाय की ऐकू येत नाही. त्या दिवशी प्रत्येक पायरी माझ्या बरगडीवर पडत होती. मला पळायला जागा नव्हती, केबिनला एकच दार. तो आत आला आणि स्टुलावर बसला, आखूड पाय लांब करून, तो नेहमी बसतो तसा. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"साहेब म्हनत हुतं, तू हसत हुतास."

मी म्हणलं साहेबांना काय, रोज धा पिच्चर बघतात, दुसऱ्याच कुणाचं तोंड आठवत असेल. तो मान हलवत होता, पटल्यासारखी. मला वाटलं सुटलो. मग तो म्हणाला,

"आनि माजा आवाज? मी तुजं नाव घिऊन वरडलो हुतो की. त्यो कुटं गेला?"

गरम भजी तयार होती, सगळी. बार्शीवाल्याची प्रिंट उंदरांनी खाल्ली. मशीनचा आवाजाचा दिवा गेला. कोल्हापूरचा सेन्सॉर, पुण्याचा सेन्सॉर. ती माझ्या जिभेपर्यंत रांगेनं आली आणि एकही पुढं सरकेना. मी त्याच्याकडं बघितलं. तो रागावलेला नव्हता. दाढी केलेला, पन्नाशीला आलेला, वाट बघणारा चेहरा. पुढच्या रांगेत बजाबाईचा होता तसा. मी खिळ्याकडं बोट केलं.

"तितं हाय," मी म्हणलं. "तुजा आवाज माज्या हसन्याच्या शेजारीच छापलाय. एक कापलं की दुसरं जातंय."

त्याला ते कळायला वेळ लागला. खिळ्यावरची फिल्म वाऱ्यानं हलत होती. तो तिच्याकडं बघत राहिला, उठून हातात घेईल असं वाटलं, घेतली नाही. खाली कुणाची तरी सायकल स्टँडला लागल्याचा आवाज झाला. बाराच्या खेळाची माणसं यायला लागली होती.

"मंग दोन्ही जोड," तो म्हणाला. टोपी घातली आणि खाली गेला.

मी मचाणाचा तुकडा रिळातनं सुटा केला आणि हसू त्याला परत जोडलं. टोक खरवडलं, सिमेंट लावलं, दाबलं, वीस मोजले. सव्वीस वर्षांत इतका चांगला जोड मी कधी मारला नसेल. डोळ्याला रेघ दिसत नव्हती. दिवे घालवले. भोकातनं दिसलं, धुळा अगदी पुढच्या रांगेत जाऊन बसला होता, जिथं पडद्यापुढं मान मोडते. मी सुरू केलं. ज्वारी आली, वारा आला, वर दोन पाय आले, आणि खाली, टॉकीजच्या भिंतीभर, मी हसलो. एवढं मोठं हसू मी माझं कधी बघितलं नव्हतं. एकेक दात दाराएवढा. आणि मग माझ्या नावानं टॉकीज भरली. पत्रा थरथरला. धुळा आला, पडला, पडद्याबाहेर गेला. हसू जिथं होतं तिथंच राहिलं, आणि कुजलं. फिल्म संपून चाकावर फडफडायला लागली. मी हातानं थांबवली. अंधारात त्याचं डोकं मागं वळेल, तो उठेल, जिना वाजेल, तो काय म्हणेल, हात उचलेल, रडेल, मी ह्या सगळ्याची एकदम वाट बघत होतो. काहीच हललं नाही.

"परत लाव," खालून आवाज आला.

मी रीळ काढलं, हातानं उलटं फिरवलं, लावलं. शिवपुत्राऽ. पुन्हा फडफड. परत लाव, तो म्हणाला, त्याच आवाजात, ना मोठा ना बारीक. मी लावलं. चौथ्या वेळी माझी बोटं कार्बनला भाजली आणि ते मला नंतर कळलं. पाचव्या वेळी मी पडद्याकडं बघणं सोडून त्याच्या डोक्याकडं बघायला लागलो, पण पाठमोऱ्या माणसाचं काय कळतं. बाहेर गर्दी जमली होती. कुणीतरी दारावर थाप मारली, धुळाऽ म्हणून हाक मारली, मग बसवराज ओरडला, मग सगळेच दार बडवायला लागले. बारा वाजून गेले होते. दार उघडणारा आत बसला होता.

"परत लाव," तो म्हणाला.